चौदाशे मीटरला एक मीटर ढाळ

आमची बोट दुबईच्या रशीद बंदरातून सुटून तासही झाला नव्हता. आई केबिनमध्ये बॅग उघडून कपडे लावत होती, आणि बाबांच्या टॉवेलच्या घडीतून तीन पिवळ्या वह्या खाली पडल्या. त्या वह्या मी लहानपणापासून ओळखत होते. साइटवर जमिनीची उंची मोजून ज्यात लिहितात ती लेव्हल बुकं: कडक पुठ्ठा, वाळूने झिजलेले कोपरे, आत शिसपेन्सिलीचे बारीक आकडे.

"अहो, हे काय?" आईने विचारलं.

"असू दे. डेकवर बसून बघेन जरा."

"का? बोटीला ड्रेनेजची लाइन टाकायची राहिलीय का?"

एरवी अशा टोमण्याला बाबा दुप्पट टोमणा परत करत. त्या दिवशी त्यांनी वह्या उचलल्या, रुमालाने पुसल्या आणि खिडकीशी बसून पहिली उघडली. माझा धाकटा भाऊ वरच्या बंकवरून म्हणाला, "डॅड, वी आर ऑन अ क्रूझ. अ क्रूझ!"

बाबा दुबईतल्या एका कंत्राटदार कंपनीत अठरा वर्षं सर्व्हेअर होते. त्यांच्या कामाचा मोठा भाग जमिनीखाली होता. सांडपाणी पंपाशिवाय, केवळ स्वतःच्या वजनाने वाहत राहावं म्हणून पाइपला ठरावीक उतार द्यावा लागतो. ऑफिसात या उताराला इंग्रजी नाव होतं, साइटवर हिंदी. घरी मात्र बाबा त्याला 'ढाळ' म्हणत, जसं गावाकडचा गवंडी न्हाणीघराच्या फरशीबद्दल म्हणतो तसं. ढाळ जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि गाळ मागे राहतो. कमी दिला तर पाणीच उभं राहतं. पाचशे मीटरला एक मीटर हा त्यांचा नेहमीचा ढाळ. डोळ्यांना तो सपाटच दिसतो. "दिसत नाही म्हणून तर मला पगार देतात," असं ते म्हणत.

सहलीच्या आठच दिवस आधी त्यांच्या एका लाइनमध्ये पाणी उभं असल्याचं आढळलं. जबल अलीच्याही पुढे, भराव घातलेल्या जमिनीत टाकलेली ती लाइन होती. अर्धी उन्हाळ्याआधी टाकलेली, अर्धी उन्हाळ्यानंतर, आणि बरोबर दोन्हींच्या सांध्यापाशी वीसेक मीटर पाणी हलत नव्हतं. कारणं दोनच संभवत होती. एक तर बाबांची लेव्हल, म्हणजे उंचीची मोजणी, चुकली होती, किंवा पाइपखालचा खडीचा थर, म्हणजे बेडिंग, फोरमनने कच्चा ठेवल्यामुळे पाइप खाली बसला होता. बाबा म्हणाले, लेव्हल चुकलेली नाही. फोरमन म्हणाला, थर पक्का आहे. बारा वर्षं एकत्र काम केलेली ही दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. इंजिनिअरने बाबांना सांगितलं की मंजूर झालेली रजा घ्या, शनिवारी परत आल्यावर लेखी खुलासा द्या. दोघांपैकी एकाला जावं लागेल हे त्याने सांगितलं नाही. पण सगळ्यांना ते समजलं होतं.

बाबांच्या व्हिसावर आम्ही तिघं होतो. त्यांची नोकरी गेली असती तर थोड्याच दिवसांत अल मनखूलमधलं घर आवरून देश सोडावा लागला असता. भावाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती, आणि हा डिसेंबर होता.

मी त्या वेळी पुण्यात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होते. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलं तर इथला व्हिसा रद्द होतो, म्हणून सुटीत घरी आले होते. परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरून झाले होते. विश्वाचं वय, ताऱ्यांची अंतरं अशा मोजमापांत मला रस होता. बाबांच्या वह्यांतली मिलिमीटरची भाषा मला, खरं सांगायचं तर, किरकोळ वाटायची. तसं मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण अठरा वर्षांत एकदाही त्यांची वही वाचायला मागितली नव्हती, आणि त्याचा अर्थ त्यांना कळत असणार.

दुसऱ्या दिवशी बोट ओमानमधल्या मुसंदमच्या कड्यांमधून गेली. मी तोवर समुद्र म्हणजे खाडीकाठचं हिरवट पाणी आणि पलीकडे क्रेन असंच पाहत आले होते. इथे पाण्यातून सरळ उभे राहिलेले करडे पहाड होते. त्यांच्यावर झाड नव्हतं, घर नव्हतं. चुनखडीचे थर एकावर एक, आणि ते सगळे एकाच बाजूला कललेले, जणू रचून ठेवलेली पुस्तकं कुणी हळूच ढकलली असावीत. समुद्रतळाशी आडवे साचलेले ते थर जमिनीच्या रेट्याने उचलले गेले होते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण माहीत असणं आणि मान वर करून पाहताना टोपी पडणं यांत फरक आहे.

कडे संपून मोकळा समुद्र लागला तेव्हा बाबा कठड्याशी आले.

"किती लांब असेल गं ती रेघ?" त्यांनी क्षितिजाकडे हात केला.

"डेक पाण्यापासून वीस मीटरवर धरला तर सोळा किलोमीटर."

"लगेच सांगितलंस?"

"पृथ्वीची त्रिज्या माहीत असली की सोपं आहे."

ते बराच वेळ बघत राहिले. "सोळा किलोमीटरमध्ये एक मिलिमीटरचा फरक नाही," ते म्हणाले. "आणि कोणी लेव्हल लावलेली नाही." मग पुन्हा खुर्चीवर जाऊन त्यांनी वही उघडली. ते बेरजा तपासत होते. प्रत्येक पानाखाली बेरीज जुळत होती, आणि प्रत्येक पान उलटताना त्यांचा चेहरा अधिक उतरत होता. मला ते विचित्र वाटलं. आकडे जुळल्यावर माणसाला बरं वाटायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट अबू धाबीला लागली. किनाऱ्यावरच्या सहलींच्या यादीतून आईने 'वाळवंटातील प्राचीन अवशेष' निवडलं होतं. बसमध्ये बसल्यावर कळलं की हे अवशेष अल ऐनजवळच्या हिलीचे आहेत. दुबईतल्या आमच्या घरापासून अल ऐन गाडीने दीड तासावर.

"म्हणजे बघा," आई म्हणाली, "दीड तासाचं गाव. तिथे यायला आपण तीन दिवस समुद्रातून फिरलो, ओमान बघितलं, आणि आता दोन तास बसमध्ये. रिक्षावाल्यानेसुद्धा एवढं फिरवलं नसतं."

"आई, इट्स द जर्नी," भाऊ म्हणाला.

"तुझी जर्नी सगळी झोपेत झाली."

बाबा हसले. तीन दिवसांतलं पहिलं हसू.

बसमध्ये बहुतेक युरोपातली वयस्कर जोडपी होती. गाइड इजिप्तचा होता. पिरॅमिडच्या देशातून आलेल्या माणसाला वाळवंटातल्या एका गोल दगडी बांधकामाचं कौतुक सांगावं लागत होतं, आणि तो ते मनापासून सांगत होता, हे मला आवडलं. "यल्ला, यल्ला, चला, पण हळू चाला, चार हजार वर्षं थांबलंय ते, अजून पाच मिनिटं थांबेल," असं इंग्रजीत म्हणत तो पुढे गेला.

बागेच्या मध्यभागी ती कबर होती. मी लहान काहीतरी अपेक्षित धरलं होतं. प्रत्यक्षात ती एका मोठ्या दिवाणखान्याएवढी रुंद, संपूर्ण गोल, माझ्या उंचीहून मोठ्या दगडांची. पडलेले दगड शोधून, जुळवून पुन्हा उभे केले होते. प्रत्येक दगडाचा बाहेरचा चेहरा किंचित वक्र घडवलेला, म्हणजे प्रत्येक दगड घडवताना करणाऱ्याच्या मनात पूर्ण वर्तुळ तयार असलं पाहिजे. माणसाला रांगत जावं लागेल एवढी प्रवेशाची जागा, आणि तिच्या वर कोरलेली दोन माणसं. दोन्हीकडे लांब शिंगांचं एकेक हरिण. माणसांचे चेहरे नव्हते. हात मात्र एकमेकांच्या हातात होते.

गाइडने सांगितलं की ही एकाची कबर नाही. आत दालनं आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावातली माणसं त्यात एकत्र ठेवली जात.

"अगं बाई," आई हळूच म्हणाली, "मेल्यावरसुद्धा शेअरिंग?"

एका व्हिलात आठ कुटुंबं पार्टिशन घालून राहणाऱ्या शहरातून आलेल्या आम्हा चौघांना हसू आवरेना. मग दगडाला हात न लावता आईने दुरून नमस्कार केला. बाबा दोन दगडांच्या सांध्यावर नखाची कड फिरवून बघत होते. नख कुठेही आत जात नव्हतं.

पुढचा थांबा कोरड्या फलजचा होता. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी लागलेलं भूजल जमिनीखालून बोगद्याने गावापर्यंत आणायची वाट. पंप नाही, रहाट नाही, केवळ ढाळ. हिलीचा फलज तीन हजार वर्षांचा आहे असं गाइडने सांगितलं. उत्खननाने उघडी केलेली ती दगडी चर पाहून युरोपीय मंडळींनी एक-एक फोटो काढला आणि ती सावलीकडे वळली. बाबा मात्र चरीच्या काठाशी पालथे झोपले. अक्षरशः, इस्त्रीच्या शर्टासह. गाल मातीला लावून, एक डोळा मिटून, ते चरीच्या लांबीकडे बघत होते.

"डॅड, पीपल आर लुकिंग," भाऊ कळवळून म्हणाला.

"बघू देत." आवाज जमिनीजवळून आला. "ये, तूही बघ."

भाऊ गेला नाही. मी गेले. गाल मातीला लावला. चर सरळ दूर जात होती आणि मला ती पूर्ण सपाट दिसत होती.

"काही नाही दिसत," मी म्हटलं.

"तेच," बाबा म्हणाले.

फलजचं पाणी बघायला आम्ही अल ऐनच्या खजुरीच्या बागेत गेलो. तिथला फलज पुष्कळदा दुरुस्त केलेला, पण चालू होता. उन्हातून आत शिरलं की तापमान उतरतं, आवाज बदलतो. मग खजुरांच्या ओळींमधून पाणी दिसलं. हातभर अंतराच्या दोन भिंतींमध्ये वाहणारं, नितळ, तळाचा प्रत्येक खडा दाखवणारं पाणी. ते धावत नव्हतं आणि थांबतही नव्हतं. वाळवंटात वाढलेल्या मला तोवर पाणी म्हणजे नळ, टाकी किंवा बाटली. कोणी न ढकलता, कोणी न ओढता, किलोमीटरचे किलोमीटर अंधारातून चालत आलेलं पाणी मी प्रथमच पाहत होते. मी हात घातला. ते कोमट होतं.

"किती ढाळ असेल?" बाबांनी स्वतःलाच विचारलं. "लेव्हलची दुर्बीण असती तर पाच मिनिटांत सांगितलं असतं."

"लेव्हल नको," मी म्हटलं. "वेग मोजू या. वेग आणि खोली मिळाली की उलट गणित करून ढाळ काढता येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून लेव्हल बुक काढलं. ते खिशात होतंच. शेवटचं कोरं पान उघडून त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

बाबांनी तीस मीटर पावलांनी मोजले. त्यांचं पाऊल टेपइतकं खरं होतं. भावाला खालच्या टोकाला उभं केलं. मी खजुरीच्या सुक्या पातीचा तुकडा पाण्यात सोडला आणि घड्याळ धरलं. पंच्याऐंशी सेकंद. दुसऱ्यांदा चौऱ्याऐंशी. तिसऱ्यांदा पाती कडेला अडकली तेव्हा भाऊ तिकडून ओरडला, "खलास! रिस्टार्ट!" आणि त्यानंतर आम्हा तिघांपेक्षा तोच जास्त काटेकोर झाला. वर तरंगणारी पाती खालच्या पाण्यापेक्षा वेगाने जाते, म्हणून मी वेग थोडा कमी धरला. खोली बाबांनी आईच्या छत्रीने मोजली. पाण्याच्या सूत्रात भिंतीच्या खडबडीतपणाचा एक अंक लागतो. मी म्हटलं तो मला माहीत नाही. बाबांनी भिंतीवरून तळवा फिरवला आणि अंक सांगितला. मी विचारलं, "कशावरून?" ते म्हणाले, "हातावरून."

मी घनमूळ अंदाजाने काढलं, वर्ग केला, उलटा भाग दिला.

"चौदाशे मीटरला एक मीटर."

"परत कर."

परत केलं. माझ्या मोजमापात तिसऱ्या हिश्श्याची चूक असू शकते, हेही मी सांगितलं. पण हजार असो की अठराशे, बाबांच्या पाचशेच्या तुलनेत हा ढाळ जवळजवळ नव्हताच. बाबा काठावर बसले आणि पाय पाण्यात सोडले, बुटांसकट.

"मला ऑटो लेव्हल दिली, तिपाई दिली, दिवसाढवळ्या उघड्यावर काम दिलं, तरी मी हा ढाळ द्यायला कबूल होणार नाही," ते म्हणाले. "आणि यांनी जमिनीखाली दिला. विहिरी खणून, एका विहिरीतून दुसरीकडे, तेलाच्या दिव्यात."

मी खूप मोठे आकडे पाहिले होते. दहाचा सव्विसावा घात लिहिताना माझा हात कधी थांबला नव्हता. पण चौदाशेला एक हे मला त्या बागेत पेलवेना. कित्येक शतकांपूर्वी कोणीतरी अंधारात गुडघ्यांवर बसून पुढे किती खणायचं हे ठरवत होतं. त्याची चूक दोन बोटांची झाली असती तर इथे एकही खजूर उभी राहिली नसती. त्याच्याकडे सूत्र नव्हतं. सूत्रात जे आहे ते मात्र होतं.

बागेत पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा एक म्हातारा बलोच काम करत होता. दगडाला चिंध्या गुंडाळून तो एका वाफ्याचं तोंड बंद करत होता आणि आमचा खेळ मघापासून बघत होता. बाबांनी हिंदीत विचारलं, "चाचा, ये सफाई करते हैं, मरम्मत करते हैं, तो ऊँचाई कहाँ से नापते हैं?"

"उम्म से," तो म्हणाला. उम्म म्हणजे आई. डोंगराच्या पायथ्याशी, कठीण जमिनीत खणलेली पहिली विहीर, जिथून सगळं सुरू होतं. "और कहाँ से?"

"वो तो बहुत दूर है। बीच में इतने कुएँ हैं, पास वाले से नहीं नापते?"

म्हातारा हसला. "भाई साहब, बीच वाला बैठ जाता है। रेत है ना। जो उससे नापेगा, ठीक ही नापेगा। बस पानी खड़ा रहेगा।"

बाबांनी पाय पाण्यातून काढले. मला वाटलं ऊन लागलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

बस निघून अर्धा तास झाल्यावर ते बोलले. मराठीत बोलत होते तरी आवाज खाली ठेवला होता.

"पक्का बेंचमार्क तीन किलोमीटरवर आहे. जुन्या काँक्रीटच्या खांबावर, खडकात. तिथून उंची आणून मी लाइनजवळ एक तात्पुरती खूण केली होती, भरावावर, मॅनहोलच्या कोपऱ्यात. रोज तीन किलोमीटरवरून कोण सुरू करणार? सगळेच अशी खूण करतात. पण दर महिन्याला ती पक्क्या बेंचमार्कशी ताडून पाहायची असते. उन्हाळ्यात काम बंद होतं. सुरू झालं तेव्हा घाई होती. मी ताडली नाही."

मला समजायला वेळ लागला नाही. भरावाखाली मीठ आणि चिखल. उन्हाळाभरात तो कोपरा खाली बसला असेल तर ती खूण स्वतःच खोटी झाली होती, आणि तिच्यावरून वरच्या बाजूला टाकलेली लाइन तेवढीच खाली गेली होती. तिच्यावरून सुरू करून तिच्यावरच संपवलेला प्रत्येक हिशेब नेमका जुळणार होता. वहीत चूक दिसणारच नव्हती. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत आम्हाला हेच शिकवतात: पुन्हा पुन्हा मोजून तेच उत्तर येणं म्हणजे ते खरं असणं नव्हे. मला हे चार वर्षांपासून येत होतं, आणि तीन दिवस त्यांच्याशेजारी बसून मला ते सुचलं नव्हतं.

"पण हे अजून सिद्ध झालेलं नाही," मी म्हटलं.

"नाही."

"मग थर कच्चा असण्याचीही शक्यता उरते."

"उरते," बाबा म्हणाले. "खुलाशात मी तसंच लिहून आणलंय. बॅगेत आहे."

आई पुढच्या सीटवरून मागे वळली. तिला झोप लागलेली नव्हती.

"कुणी ती खूण तपासायला जाणार आहे का?" तिने विचारलं.

"मी सांगितलं नाही तर कुणी नाही."

आईने भावाकडे पाहिलं. तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता. अबू धाबीच्या उंच इमारती दिसू लागल्या तेव्हा ती म्हणाली, "फोरमनच्या बायकोने गेल्या ईदला शीरखुर्मा पाठवला होता. डबा अजून माझ्याकडेच आहे." मग पुढे वळून बसली. सांगायचं की नाही, याचं उत्तर बाबांना मिळालं होतं.

शुक्रवारी सकाळी बोट दुबईला परतली. साइटला सुटी होती. बाबांनी बंदरातूनच फोरमनला फोन लावला. "नापना है," ते म्हणाले. "तुम्हारे सामने।" एकट्याने मोजून आणलेला आकडा कितीही खरा असला तरी तो दोघांचा होत नाही, असं त्यांनी मला गाडीत सांगितलं.

दहा वाजता बाबा आणि मी बेंचमार्कच्या त्या खांबापाशी पोहोचलो. फोरमन तेलंगणाचा, पन्नाशीचा, शुक्रवारचा धुतलेला पांढरा शर्ट घालून हाताची घडी करून उभा होता. त्याने बाबांना सलाम केला नाही. उंचीचे आकडे रंगवलेली लांब पट्टी, जिला साइटवर स्टाफ म्हणतात, ती सरळ उभी धरायला माणूस हवा होता. ती मी धरली. बाबा तिपाईवरच्या दुर्बिणीतून वाचत, आकडा मोठ्याने म्हणत आणि वहीत लिहीत. फोरमन त्यांच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक आकडा स्वतः बघत होता. शंभर पावलं, तिपाई उचला, पुन्हा. वाऱ्यात स्टाफ हलू न देणं किती कठीण आहे हे मला दुसऱ्याच मुक्कामाला कळलं. चौफेर एकसारखी पिवळी सपाटी, आणि त्या सपाटीवर आम्ही मिलिमीटर शोधत चाललो होतो. कबरीचे दगड घडवणाऱ्यांना, बोगद्यात गुडघ्यांवर बसलेल्यांना आणि आम्हाला एकच गोष्ट कळायला हवी होती: इथून तिथे किती खाली. माणसाने विचारलेल्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी हा एक असावा. आणि तो अजून सुटलेला नव्हता, रोज नव्याने सोडवावा लागत होता.

पुढे काय झालं ते इथेच सांगते. बाबांची नोकरी राहिली. लेव्हलवर सही करण्याचा अधिकार वर्षभर काढून घेतला गेला. दोन पोरसवदा सर्व्हेअर त्यांच्या वाचनावर सह्या करत आणि बाबा शेजारी उभे राहत. लाइनचा सांध्यापासून पुढचा भाग उपसून पुन्हा टाकला. भावाने दहावीची परीक्षा दुबईतच दिली. मात्र यातलं काहीही त्या शुक्रवारी आम्हाला माहीत नव्हतं.

बारा वाजून गेले तेव्हा आम्ही मॅनहोलच्या कोपऱ्यापाशी आलो. बाबांची खूण तिथे होती, लाल रंगातला एक लहान त्रिकोण. मी स्टाफ त्यावर टेकवला. बाबांनी वाचलं. फोरमनने वाचलं. बाबांनी उभ्याउभ्या वजाबाकी केली, मग वही गाडीच्या बॉनेटवर ठेवून पुन्हा केली. मग वही फोरमनपुढे धरली.

"तैंतालीस मिलिमीटर," फोरमन म्हणाला.

"नीचे," बाबा म्हणाले. "पॉइंट बैठ गया। तुम्हारा बेडिंग बराबर है। मैंने चेक नहीं किया। कल मैं यही लिखकर दूँगा।"

लेव्हल बुकात खोडरबर वापरत नाहीत. बाबांनी उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पानावर जाऊन त्या खुणेच्या जुन्या उंचीवरून एकच रेघ मारली, जुना आकडा वाचता यावा इतकी बारीक, वर नवा लिहिला आणि बाजूला सही केली. त्रेचाळीस मिलिमीटर म्हणजे माझ्या अंगठ्याच्या रुंदीच्या दुप्पट. तीन किलोमीटर वाळवंट ओलांडून आम्ही तो फरक शोधून काढला होता.

फोरमनने त्या लाल त्रिकोणाकडे पाहिलं. "साब," तो म्हणाला, "मैं भी तो रोज वहीं खड़ा था। मैं भी पूछ सकता था, ये हिला तो नहीं।"

बाबांनी तिपाईचे पाय आवळले. मोजणी तिथे संपत नाही. आणलेली उंची खरी की नाही हे पाहायला परत जाऊन, जिथून निघालो त्या खांबावर येऊन मिळावं लागतं. आणखी तीन किलोमीटर, माथ्यावरच्या उन्हात.

फोरमनने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि माझ्या हातातून स्टाफ घेतला.

"बेटी, तुम छाँव में बैठो," तो म्हणाला. "वापसी की लेव्हल मैं पकड़ता हूँ।"

मी सावलीत बसले नाही. वही घेतली, पेन्सिल घेतली आणि बाबांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि पहिला आकडा सांगितला. मी तो लिहिला.